जिम्नी लिफ्ट केल्यावर मागचा एक्सल सरकतो: नवा रॉड घेण्याआधी बोल्ट कसे आवळलेत ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचे माझे सहा महिने डोळ्यासमोर आले. पाच दारांची सुझुकी जिम्नी, गाडी दोन इंच उचलणाऱ्या लिफ्टच्या स्प्रिंगा, मागचं एका बाजूचं चाक मडगार्डबाहेर डोकावतंय, खड्ड्यात मागून 'टक्' असा आवाज, 80 च्या पुढे गाडीची शेपटी हलल्यासारखी वाटते, आणि तीनदा अलाइनमेंट करूनही फरक शून्य. गाडीचा रंग सोडला तर ही माझीच गोष्ट आहे. तुम्ही विचारलंय की एक्सल जागेवर आणायला अ‍ॅडजस्टेबल, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा, रॉड कुठला घ्यावा. माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे, पहिला नाही.

आधी अलाइनमेंटवर पैसे घालवणं थांबवा. मागे सलग एक्सल आहे आणि त्याला डावी-उजवीकडे सरकण्यापासून अडवणारा आडवा रॉड एकच. सुझुकी त्याला लॅटरल रॉड म्हणते, बाकी जग पॅनहार्ड रॉड. गाडी उचलली की हा रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी पोच कमी होते, आणि रॉड ज्या बाजूला चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरलेला असतो त्या बाजूला अख्खा एक्सल ओढला जातो. पण चाकं एकमेकांशी समांतरच राहतात. त्यामुळे अलाइनमेंटच्या मशीनवर टो, कॅम्बर (चाकांचे कोन) सगळं हिरवं दिसतं आणि तिथला मुलगा प्रिंट हातात देऊन सांगतो, "एकदम ओके आहे सर." तो खोटं बोलत नसतो. त्याला जे मोजायला शिकवलंय त्यात ही गोष्टच नाही.

मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशी, टाकी भरलेली, गाडीत नेहमीचं सामान. गाडी आठ-दहा फूट पुढे-मागे करून थांबवा म्हणजे ती आपल्या उंचीला बसते. मडगार्डच्या कमानीच्या बरोबर मध्यावरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. टायरपर्यंत नको, टायर फुगतो. माझं एका बाजूला 31 मिमी आलं, दुसऱ्या बाजूला 15. फरक 16, म्हणजे एक्सल सरकलाय त्याच्या निम्मा, 8 मिमी. हा निम्म्याचा हिशोब बरेच जण विसरतात आणि रॉड गरजेच्या दुप्पट वाढवून एक्सल उलट बाजूला ढकलतात. मडगार्डवरचं प्लास्टिकचं क्लॅडिंग वाकडं बसलेलं असू शकतं, म्हणून खाली शिरून चासीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतही एकदा पडताळून घ्या.

आता ज्या चुकीने माझे सगळ्यात जास्त पैसे आणि झोप गेली ती सांगतो. लिफ्ट बसवणाऱ्यांनीच मला अ‍ॅडजस्टेबल रॉड दिला. चांगला रॉड होता, दोन्ही टोकांना रबरी बुश, म्हणजे ज्यातून बोल्ट जातो ती रबराची कडी. गाडी वर्कशॉपच्या दोन खांबी उचलयंत्रावर, चाकं हवेत, एक्सल पूर्ण खाली लोंबतोय. मुलाने रॉड लावला, इम्पॅक्ट गनने दोन्ही बोल्ट घर्रकन आवळले आणि गाडी खाली सोडली. मी शेजारी उभा होतो, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली लोखंडी स्लीव्ह बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट धरली जाते, बाहेरचं कडं रॉडबरोबर हलतं, आणि मधलं रबर पिळलं जातं. ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती त्या रबराची विश्रांतीची जागा. चाकं लोंबत असताना आवळला, की गाडी जमिनीवर उभी असतानाही रबर पिळलेलंच राहतं. साधारण 85 सेंमीचा रॉड आणि 10 सेंमी लोंबकळ धरा, जवळपास 7 अंशांचा पीळ झाला. गाडी पार्किंगमध्ये झोपली तरी बुश झोपत नाही, आणि खड्डा आला की त्यावर आणखी पीळ.

साडेतीन-चार हजार किलोमीटरमध्ये आवाज सुरू झाला. त्याच दुकानात नेली. "शॉकअप गेले." दोन्ही बदलले, 11 हजार. आवाज तसाच. "डिफरन्शिअलमधून (एक्सलच्या मधल्या गिअरमधून) येतोय, उघडावं लागेल." मी विचारलं की रॉडचे बुश बघता का, तर "नवीन आहेत सर, त्यांना काय होणार" म्हणून विषय बंद. मला राग दुकानाच्या चुकीचा नाही, चूक कोणाकडूनही होते. गिऱ्हाईक स्वतःहून बोट दाखवतोय आणि तुम्ही टॉर्च घेऊन दोन मिनिटं खाली वाकत नाही, याचा आजही राग आहे.

शेवटी कराडजवळच्या एका वयस्कर फिटरकडे गेलो, आयुष्य जुन्या जीपांवर काढलेला माणूस. त्यांनी गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, चाकं फळीवरच, म्हणजे वजन चाकांवरच. चासीकडच्या बुशचं रबर टॉमीने (लोखंडी पहारीने) जरा सरकवलं तर स्लीव्हपासून अर्धं सुटलेलं होतं. मग एक्सलकडच्या टोकाला त्यांनी ब्रॅकेटवरून बुशवर खडूने सरळ रेघ ओढली आणि नट ढिला केला. 'टण्' आवाज आला आणि रेघ मधेच तुटून दीड-दोन मिमी सरकली. इतका पीळ त्या रबराने चार हजार किलोमीटर धरून ठेवला होता.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: लिफ्ट बसवताना जुन्या लॅटरल रॉडचे आणि ट्रेलिंग आर्मचे (एक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट ढिले करून गाडी जमिनीवर असताना पुन्हा आवळले का, ते विचारा. उत्तर बहुधा "नाही" येईल. स्प्रिंगा बदलून उंची वाढली म्हणजे मूळ बुशही पिळलेलेच आहेत. तुमची 'टक्' आणि शेपटी हलणं यातूनच येत असावं, अर्थात गाडी न बघता मी खात्रीने सांगू शकत नाही. मित्राला बाजूने गाडी ढकलायला सांगा आणि तुम्ही बुशकडे बघा. रबर आणि स्लीव्ह वेगवेगळे हलत असतील तर कळेलच.

रॉड बदलताना लांबी बाहेर टेबलावर जुन्याएवढीच ठेवा, बसवा, मग मोजून वाढवा. आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिमी असेल तर एका फेऱ्याला तेवढीच लांबी वाढते. दोन्ही टोकांना उलट-सुलट आटे असतील तर 3 मिमी. आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत जाम होतात. शेवटचं आवळणं चाकांवर वजन असताना, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याला. नट आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, 500 किलोमीटरनंतर ती जुळते का बघा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा.

पॉलीयुरेथेनचा (कडक प्लास्टिकसारखा) बुश की रबर? इथे माझं मत ठाम आहे: रोजची गाडी असेल तर रबर. पॉली कुरकुरतो, ग्रीस मागत राहतो, आणि एक्सल तिरका होताना रबराइतका वाकत नाही. बुशऐवजी येणारे उघडे बॉल जॉइंट आपल्या लाल चिखलात फार टिकत नाहीत. आणि मूळ रॉड कापून मधे तुकडा वेल्ड करून देणारे भेटतील, स्वस्तात. कृपा करून करू नका. हा रॉड घाटात वळणावर तुटला तर मागचा एक्सल बाजूला धरायला दुसरं काहीच नाही.

कायद्याचं थोडक्यात, मी वकील नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल बघता कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करणं धोक्याचंच आहे. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. फोनवरच्या "चालतंय सर"ला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

पुढच्या एक्सललाही असाच रॉड आहे, तोही सरकलेला असणार. स्टीअरिंग सरळ रस्त्यावर किंचित वाकडं धरावं लागतंय का? ब्रेकचे होज पूर्ण लोंबलेल्या स्थितीत ताणले जात नाहीत ना, हे त्याच वेळी बघून घ्या.

रॉड मागवण्याआधी चारही चाकांची ओळंब्याची मापं आणि दोन्ही बुशांचे जवळून काढलेले फोटो इथे टाका. मूळ बुश शाबूत असतील तर आधी बोल्ट ढिले करून, गाडी जमिनीवर ठेवून पुन्हा आवळा आणि आठवडाभर चालवून बघा. एक्सल त्याने जागेवर येणार नाही, पण आवाज कुठून येतोय ते कळेल.