आई असतानाच बौद्धिक दिव्यांग भावासाठी निवासी संस्था बघावी का?

तुमचा भाऊ 36 वर्षांचा, आई 71 ची, वडील नाहीत आणि तुम्ही नोकरीसाठी परगावी. आई म्हणते, "मी आहे तोवर तो माझ्याजवळच." तुम्ही विचारलंय, संस्था आत्ता बघायची की आईच्या माघारी, आणि चांगली संस्था ओळखायची कशी.

मी 13 वर्षं एका निवासी संस्थेत गृहमाता आहे. माझ्याकडे आठ जण राहतात, सगळे तिशी-चाळिशीतले. माझं उत्तर एकच आहे: आत्ता. आई हिंडती-फिरती आहे तेव्हाच.

काही वर्षांपूर्वी 41 वर्षांचे एक दादा आमच्याकडे आले. आईचं तेरावं होऊन दोनच दिवस झाले होते. चुलतभाऊ सोडून गेला. सोबत कपड्यांची बॅग, गोळ्यांची पिशवी आणि एक फाइल. फाइलमध्ये बुद्ध्यांक होता, रक्तगट होता. दादांना बोलता जवळजवळ येत नव्हतं. रोज दुपारी चारला ते उठून दाराशी जायचे आणि कडी वाजवायचे. आम्हाला वाटलं, पळून जायला बघतायत. मी दाराला कुलूप लावलं. मग ते डोकं आपटायला लागले, कपाळाला तीन टाके पडले, डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी वाढवली. तीन आठवड्यांनी त्यांच्या जुन्या शेजारीण काकू भेटायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "चारला आईबरोबर किटली घेऊन दुधाला जायचा ना, वर्षानुवर्षं!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात किटली दिली आणि कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत घेऊन गेलो. आपटणं थांबायला चार दिवस लागले, गोळी कमी व्हायला चार महिने. कपाळावरची ती खूण मला अजून रोज दिसते.

त्या माणसाची आई गेली, घर गेलं, ओळखीची गल्ली गेली आणि त्याचं मन वाचणारं एकमेव माणूसही गेलं, हे सगळं एकाच पंधरवड्यात. तुमच्या भावावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगतेय.

आजपासून एक वही घाला. आईला विचारून लिहून काढा: त्याला तहान लागली की तो काय करतो, भात कालवून लागतो का, वीज कडाडली की कुठे लपतो, दाढी कोणाकडून करून घेतो, दुखलं की रडतो की उलट गप्प होतो. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. दाढदुखी आणि कानदुखी सांगता न आल्यामुळे 'हल्ली चिडचिडा झालाय' म्हणून गोळ्या सुरू झालेली माणसं मी पाहिली आहेत.

मग थोडं थोडं राहायला पाठवा. आधी दिवसभर, मग दोन रात्री, मग आठवडा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'समर्थ-घरौंदा' योजनेत थोड्या दिवसांच्या निवासाची आणि प्रौढांच्या कायमच्या निवासाचीही सोय असते. ही केंद्रं मोजकीच आहेत, म्हणून जिथे नाहीत तिथे थोडे दिवस ठेवून घ्याल का, हे संस्थेलाच विचारा. पहिल्या वेळी आई सोबत राहिली तर उत्तम. गणपती, दिवाळीला त्याला घरी न्या, म्हणजे घर कायमचं सुटलं असं त्याला वाटणार नाही.

संस्था बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा घेऊन परतू नका. संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाच्या वेळी जा आणि शक्य तर एकदा न सांगता जा. प्रत्येकाला स्वतःचं कपाट आहे का, की कपडे सगळ्यांचे एकत्र धुऊन जो हाताला लागेल तो शर्ट घालतात? संडासाला आतून कडी आहे का? रात्री किती माणसं जागी असतात, आणि दोनला कुणाला आकडी आली तर गाडी कोण काढतं? दिवसभर काय करतात? (टीव्हीसमोर ओळीने बसवलेलं दिसलं तर मी तरी तिथे माझ्या माणसाला ठेवणार नाही.) भेटायला यायचे ठरावीक वार आहेत का? पालकांना आतल्या खोल्यांत जाऊ देत नसतील तर तिथून निघा. 2011 साली पनवेलजवळच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले तेव्हा राज्य हादरलं होतं. दार बंद असलं की काय काय चालू शकतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते मागून बघा, बिचकू नका.

फी, अनामत रक्कम, आणि तुमच्याकडून फी थकली तर पुढे काय, हे लेखी घ्या. तो म्हातारा झाल्यावर तिथेच राहील का, हेही विचारा. डाऊन सिंड्रोम असेल तर तर नक्कीच, कारण त्यांच्यात विसरभोळेपणाचा आजार बराच लवकर सुरू होण्याची शक्यता जास्त असते.

बघण्यासारख्या जागा सांगते. बदलापूरचं 'आधार' आणि डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' ही पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली घरं आहेत. मुळशी तालुक्यात कोळवणजवळ साधना व्हिलेज आहे, तिथे मोठ्या वसतिगृहाऐवजी लहान घरांमध्ये राहतात आणि राहणाऱ्यांना 'विशेष मित्र' म्हणतात. प्रवेश मिळो न मिळो, एकदा जाऊन बघितलं तरी तुलना करायला डोळा तयार होतो. चांगल्या ठिकाणी जागा रिकामी व्हायला वेळ लागतो, म्हणूनही आत्ताच नाव नोंदवून ठेवा.

कागदांचं थोडक्यात. 18 वर्षांनंतर आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ही सोय आहे. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घाला (1 लाखापर्यंत संरक्षण आहे). वडील सरकारी नोकरीत होते का? मग आईनंतर कुटुंब निवृत्तिवेतन भावाला मिळू शकतं, पण त्याचं नाव आईच्या हयातीतच नोंदवून घ्या. मागाहून फार चपला झिजतात.

आता आईबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. "तुझ्याच्याने होत नाही" हे वाक्य तर अजिबात नको. 36 वर्षं त्यांनीच केलंय. त्यांना सांगा, तो तिथे रुळतोय की नाही हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

आमच्याकडे एका आजींचा मुलगा असाच हळूहळू राहायला आला. वहीत त्यांनी 60 पानं लिहिली होती. दर रविवारी यायच्या, निघताना रडायच्या. पाचव्या महिन्यात एका रविवारी तो फाटकाशी त्यांना म्हणाला, "तू जा, आज भांड्यांची माझी पाळी आहे." आजींना फार लागलं ते. काही न बोलता गेल्या. रात्री साडेनऊला मला फोन आला, मुलगा जेवला का म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. म्हणाल्या, "ताई, काल रात्री त्याच्या खोलीकडे कान न लावता झोपले. एकदम उजाडलंच."