अकोले तालुक्याचा इतिहास म्हणजे फक्त गड-किल्लेच का?

भंडारदऱ्याला काजवे बघायला मुलांना घेऊन जाताय आणि किल्ले सोडून अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या या तालुक्याबद्दल त्यांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. माझं आजोळ राजूरच्या बाजूचं. मी असते तर मुलांना किल्ले सांभाळणाऱ्या माणसांपासून सांगायला सुरुवात केली असती.

तालुक्याच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग म्हणजे आमचं डांगाण. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. मराठी राज्यात गडांची राखण आणि घाटवाटांवरची चौकी-पहारा कोळ्यांकडे असे, त्यावर त्यांची वतनं असत. १८१८ला इंग्रज आले, गड ओस पडले आणि ही मिळकत आटली. वर शेतसारा रोकड्यात भरायचा, म्हणजे सावकाराच्या दारी जाणं आलंच. देवगावच्या राघोजी भांगऱ्यांचं बंड यातून उभं राहिलं. त्यांचे वडील रामजी यांनीही आधी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. राघोजींच्या माणसांचा रोख सावकारांवर होता, कारण जमिनी सावकारांच्या वहीत अडकल्या होत्या. पुढे राघोजी पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. कळसूबाईवर चढणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असतं? मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. घाटघर-रतनवाडीला पाऊस नुसता कोसळतो, आणि अकोले गावाच्या पुढे संगमनेरकडे गेलात की ढग पळतात, जमीन कोरडी. म्हणून इंग्रजांनी प्रवरेवर भंडारदरा धरण बांधलं, ते १९२६ला पूर्ण झालं. साठा साधारण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी. खोऱ्यातली भाताची खाचरं पाण्याखाली गेली, आणि पाणी कालव्यांनी खाली राहुरी-श्रीरामपूरकडे निघालं. तिथे ऊस उभा राहिला. त्याच पाण्यावर १९५०च्या सुमारास लोणीचा प्रवरानगर सहकारी साखर कारखाना सुरू झाला. जिल्ह्याची सगळी साखर-श्रीमंती सांगताना वरच्या गावांचं नाव कुणी घेत नाही. डांगाणात मात्र उतारावर नागली-वरई, चार भाताची खाचरं आणि हिरडा गोळा करणं हेच चालत राहिलं.

डांगी गायीबद्दल मुलांना नक्की सांगा. ठिपक्याठिपक्यांची, मजबूत, आणि कातडीतून तेलकट स्राव सुटतो म्हणून मुसळधार पावसातही टिकणारी. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. जमलं तर तेव्हा या. एखाद्या गावात बोहाडा असेल तर रात्री थांबा. सोंगं घेऊन, मुखवटे लावून देव-राक्षस नाचतात, ते बघता बघता मुलांना झोप येणार नाही.

आणि रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाशी थांबलात तर दगडी कोरीव कामाचे फोटो काढून लगेच निघू नका. जवळच्या कुठल्याही घरी पाणी मागा, आणि धरणाआधी शेत कुठे होतं ते विचारा.