मिक्सरवर भरवसा ठेवायचा तर कशाच्या जोरावर?

प्रश्न: मी फ्रीलान्स डिझायनिंग करतो. एक क्लायंट बिटकॉइनमध्ये पेमेंट करतो, त्याला दरवेळी तोच ॲड्रेस देत आलो. परवा रेटवरून बोलणं चाललं होतं तर म्हणतो, 'तुमच्याकडे तर बरेच पडून आहेत की!' तेव्हा ट्यूब पेटली की बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद सगळ्यांना खुली असते, तिथे ॲड्रेस टाकला की कुणालाही त्यावरचं सगळं दिसतं. म्हणून एक मिक्सर शोधलाय, म्हणजे अनेकांचे बिटकॉइन एकत्र करून दुसरेच परत देणारी साइट, म्हणजे माग लागत नाही. लॉग, म्हणजे व्यवहारांची नोंद, ठेवत नाही म्हणतात, लेटर ऑफ गॅरंटी देतात, साइट बरीच जुनी आहे, रिव्ह्यूही चांगले आहेत. थोडे पाठवून बघितले, फी कापून बरोबर परत आले. आता उरलेले सगळे पाठवू का?

उत्तर: नका पाठवू. तुमची अडचण खरी आहे, आपल्या शिलकेकडे कुणी डोकावू नये असं वाटण्यात काही गैर नाही, पण उपाय चुकलाय.

थोडे पाठवले आणि परत आले, हा तुम्हाला सगळ्यात मोठा पुरावा वाटतोय ना? लुबाडायलाच बसलेला माणूसही छोटी रक्कम परतच करणार, कारण मोठी यायची असते. या टेस्टवरून साइट चालू आहे एवढंच कळतं, पुढच्या वेळी काय होईल ते नाही.

आता ते गॅरंटीचं लेटर उघडून नीट बघा. साधी टेक्स्ट फाइल असते, वर लिहिलेलं असतं की अमुक ॲड्रेसवर पैसे आले की आम्ही तमुक ॲड्रेसवर पाठवू, आणि खाली अक्षरं-आकड्यांचा एक लांबलचक गठ्ठा, ती त्यांची डिजिटल सही. सही तपासली, बरोबर निघाली, तर सिद्ध काय झालं, तर ज्याच्याकडे त्या सहीची गुप्त किल्ली आहे त्याने हे वचन दिलंय. त्याने ते मोडलं तर लेटर घेऊन जाणार कुणाकडे? समोरचा कोण आहे हेच माहीत नाही. आणि ज्या जाहीर किल्लीवरून सही तपासायची ती तुम्ही घेतली कुठून, तर बहुतेक त्याच साइटवरून! हुबेहूब दिसणारी नकली साइट असेल तर किल्ली पण तिची, लेटर पण तिचं, मग सही जुळणारच ना.

लॉग ठेवत नाही हे तर बाहेरून तपासताच येत नाही. बेस्टमिक्सर नावाची एक सर्व्हिस होती, नाव गुप्त राहील अशी गॅरंटी द्यायची. मे २०१९ मध्ये डच यंत्रणा आणि युरोपोल या युरोपियन पोलीस संस्थेने ती बंद पाडली आणि सांगितलं की आधीच्या वर्षभरातल्या व्यवहारांची माहिती आमच्याकडे आहे, आयपी ॲड्रेस, बिटकॉइन ॲड्रेस, चॅटचे मेसेजसुद्धा. मार्च २०२३ मध्ये चिपमिक्सरवर धाड पडली तेव्हा जवळपास १,९०९ बिटकॉइन आणि ७ टेराबाइट डेटा जप्त झाला. म्हणजे चालवणारा प्रामाणिक असला तरी सर्व्हर उद्या कुणाच्या हातात जाईल ते त्याच्याही हातात नसतं.

जुनी साइट म्हणजे भरवशाची, हेही नको. बिटकॉइन फॉग नावाचा मिक्सर २०११ पासून जवळजवळ दहा वर्षं चालला, आणि २०२४ मध्ये तो चालवल्याबद्दल एकाला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. रिव्ह्यूबद्दल तर मी बोलतच नाही.

आणि परत येतात ते कॉइन कुणाचे असतात? तुमचे स्वच्छ, कामाचे पैसे आत जातात आणि बाहेर येताना कदाचित कुठल्या तरी हॅकमधले येतात. एक्सचेंजवाले, म्हणजे जिथे बिटकॉइन विकून पैसे घेता ते, मिक्सरमधून आलेले कॉइन ओळखतात, अकाउंट अडकवतात, पैसे आले कुठून ते विचारतात. आगीतून फुफाट्यात.

तुमचं काम याहून साध्या गोष्टीत होतंय. चांगलं वॉलेट (बिटकॉइन सांभाळायचं ॲप) दरवेळी नवीन ॲड्रेस देतं, प्रत्येक पेमेंटला तो वापरा, एकच ॲड्रेस सगळ्यांना वाटू नका. खर्च करताना कॉइन कंट्रोलची सोय असेल तर नेमके कुठले कॉइन जातायत ते स्वतः निवडा, कारण दोन ॲड्रेसवरचे कॉइन एका व्यवहारात एकत्र गेले की बघणारा धरून चालतो की दोन्हींचा मालक एकच (नव्वद टक्के लोक इथेच उघडे पडतात असं माझं आपलं मत). कॉइनजॉइन नावाची पद्धतही आहे, २०१३ मध्ये ग्रेगरी मॅक्सवेल यांनी मांडलेली, त्यात अनेकजण मिळून एकच व्यवहार करतात आणि प्रत्येकजण आपापल्या कॉइनची सही स्वतः करतो, त्यामुळे पैसे कुणाच्या हवाली करावे लागत नाहीत. पण तिच्यावरही एक्सचेंज नाक मुरडतात, तुमच्या गरजेपुरती तिची जरूरही नाही.

जुना ॲड्रेस त्या क्लायंटला आता माहीतच आहे, ते काही पुसता येणार नाही. पुढचं पेमेंट नव्या ॲड्रेसवर घ्या. आणि टेस्टमध्ये जे थोडे परत आलेत ते बाकीच्यांत मिसळू नका, वेगळेच ठेवा, कधी किती पाठवले आणि कधी किती आले ते लिहून ठेवा, उद्या एक्सचेंजने विचारलं तर सरळ दाखवता येईल.