सायबरवाल्याच्या भरवशावर सरकारी फॉर्म का भरायचा?

यावेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, सरकारी नोकरीचा ऑनलाइन फॉर्म आणि दिव्यांग उमेदवार. म्हणून तिन्ही एकत्रच घेतलीत.

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. जन्मापासून दिसत नाही, मराठी मीडियममधून बी.ए. केलंय. फोनवर टॉकबॅक आणि भावाच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्राम, वापरते, बँकेचं काम, व्हॉट्सॲप सगळं माझं मी करते. मध्ये एका सरकारी कंपनीची भरती निघाली, पण त्यांच्या साइटवर पहिल्या पानाच्या पुढं जाताच येईना, प्रत्येक रकान्यात नुसतं 'एडिट, ब्लँक' म्हणतंय. जाहिरातीची पीडीएफ तर बोलतच नाही. शेवटी सायबरमध्ये जाऊन भरून घेतला, तिथल्या मुलानं घाईघाईत दिव्यांग कोटा सोडून जनरलमध्ये टाकला आणि मला ते हॉल तिकीट आल्यावर कळलं. घरचे म्हणायलेत तुलाच जमत नसेल. माझं काही चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीय, हे घरच्यांनाच वाचून दाखवा. बँकेचं ॲप चालवणारीला फॉर्म भरता येत नसेल तर बिघाड फॉर्ममध्ये आहे. एनव्हीडीए नुसतं 'एडिट' का म्हणतं सांगतो. बघणाऱ्याला रकान्याच्या शेजारी 'वडिलांचं नाव' असं दिसतं, पण पानाच्या कोडमध्ये ती अक्षरं आणि तो रकाना एकमेकांना जोडलेलेच नसतात, मग स्क्रीन रीडर बिचारा काय सांगणार? जोडायला रकान्यामागे एका ओळीचं काम आहे हो, तेवढंही कुणी केलेलं नसतं.

पीडीएफचं दुखणं वेगळं. जाहिरात कॉम्प्युटरवर टाइप होते, मग प्रिंट काढून तिच्यावर साहेबांची सही आणि शिक्का घेतात आणि तोच कागद स्कॅन करून साइटवर चढवतात, म्हणजे तो झाला फोटो. फोटोत अक्षरं नसतात, त्यामुळे वाचायला काहीच नाही. आणि गंमत बघा की, कुठली पोस्ट अंध उमेदवाराला चालते, कुठली कर्णबधिराला, हा तक्ता त्याच कागदात असतो, म्हणजे ज्याच्यासाठी छापला त्यालाच तो वाचता येत नाही.

कर्नाटकात अजून एक भानगड आहे, कन्नड मजकूर कधीकधी नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या पद्धतीत, नसतो. स्क्रीनवर छान कन्नड दिसतं पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि खुणा, स्क्रीन रीडर तेच बडबडतो. आपल्या मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांचं तेच. युनिकोडमध्ये असलं तर एनव्हीडीएबरोबर फुकट येणारा ईस्पीक हा आवाज कन्नडही वाचतो आणि मराठीही. सीमाभागात तर याचा दुप्पट उपयोग, कारण आपल्यातल्या कितीतरी जणांना बसमध्ये, बाजारात ऐकून ऐकून कन्नड कळतं पण लिपी आली की अडखळायला होतं, तेच कानावर आलं की समजतंय की. ब्रेलचंही तसंच आहे, भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सामायिक ब्रेलमध्ये, मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांचे ठिपके एकच, ऱ्हस्व ए-ओ सारखे थोडे फरक सोडले तर मराठी ब्रेल येणाऱ्याला कन्नड ब्रेल परकं नाही. डोळसांना दोन लिप्या शिकाव्या लागतात!

आता करायचं काय. आधी चुकलेल्या कॅटेगरीचं बघा. अर्ज दुरुस्तीची मुदत दिलेली असेल आणि चालू असेल तर आजच दुरुस्त करा, संपली असेल तर यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) कॉपी, अर्ज नंबर आणि झालेला प्रकार लिहून भरती अधिकाऱ्याला ईमेल करा आणि पोस्टानंही पाठवा. पत्रात 'सायबरवाल्यानं चुकवलं' एवढंच लिहू नका, ते म्हणतील जबाबदारी उमेदवाराची. 'तुमची साइट स्क्रीन रीडरवर चालत नव्हती म्हणून मला दुसऱ्याकडून भरून घ्यावं लागलं' असं लिहा, कुठल्या पानावर, कुठल्या रकान्यात अडलं तेही लिहा, जमलं तर एनव्हीडीएच्या आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. सरकारी कंपनीसुद्धा या कायद्यात सरकारी आस्थापनाच धरली जाते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांचा. याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्यानं चौकशी करायची असते. तिथं दाद लागली नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि राज्य सरकारची कंपनी असेल तर बेंगळुरूला राज्य दिव्यांग आयुक्त, केंद्राची असेल तर दिल्लीला मुख्य आयुक्त. पत्रात सुप्रीम कोर्टाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल जरूर टाका, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं कोर्टानं त्यात म्हटलंय. असली ओळ पत्रात दिसली की साहेबलोक पत्र जरा नीट वाचतात.

प्रश्न : मी बेळगावात टिळकवाडीला एका छोट्या वेब कंपनीत डेव्हलपर आहे. आम्हाला एका सरकारी संस्थेच्या भरतीच्या साइटचं काम मिळालंय. टेंडरमध्ये 'साइट दिव्यांगांसाठी सुगम असावी' एवढीच ओळ आहे. आमचे सर म्हणतात कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं विजेट टाक, अक्षर मोठं-लहान आणि रंग बदलायची बटणं त्यात येतात, झालं काम. खरंच होतं का?

उत्तर : नाही होत. पायऱ्यांच्या शेजारी भिंतीवर रॅम्पचं चित्र काढायचं आणि म्हणायचं चढा, तसलं ते विजेट. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये आहे, फोनमध्ये आहे, ज्याला गरज आहे त्यानं ती कधीच चालू करून ठेवलेली असते. वरच्या ताईंचा रकाना विजेटनं बोलका होत नाही.

सरांना पटवायचं तर माउस काढून घ्या आणि त्यांना नुसत्या टॅब आणि एंटरवर फॉर्म भरायला सांगा. कुठं अडतं ते दोन मिनिटांत कळेल. सुंदर दिसणारं 'सबमिट' हे बटण नसून डिव्हवर, म्हणजे कोडमधल्या नुसत्या चौकोनावर, क्लिक लावलेलं असतं, टॅब त्याला ओलांडून फूटरमध्ये जातो. आपण कुठल्या रकान्यावर आहोत ते दाखवणारी चौकट डिझायनरनं 'बरी दिसत नाही' म्हणून काढून टाकलेली असते. ज्याचे हात थरथरतात, जो माउस धरू शकत नाही, त्याचं काम तिथंच संपलं.

मग उमेदवाराच्या वाटेनं चालत जा. दारातच कॅप्चा, वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. मोबाइलवर ओटीपी पाठवताय ना, मग परत कॅप्चा कशाला? बॉट अडवायचे तर सर्व्हरवर अडवा, माणसाला कोडी घालू नका. पुढं जन्मतारीख, कॅलेंडर उघडतं आणि चालू महिन्यापासून एकेक बाण दाबत १९९७ पर्यंत मागं जायचं, डोळस माणूसही वैतागतो. दिवस, महिना, वर्ष टाइप करू द्या, संपलं. मग दिव्यांगत्वाचा प्रकार. इथं जुन्या फॉर्मची कॉपी मारू नका हं, १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ॲसिड हल्ला झालेली, ऑटिझम असलेला, थॅलेसेमियाचा पेशंट, यांना यादीत आपलं नावच सापडत नाही म्हणून 'इतर' निवडतात आणि छाननीत उडतात. तिथंच लेखनिक लागणार का, स्वतःचा आणणार की संस्थेनं द्यायचा, जादा वेळ हवा का हेही विचारा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत, पण फॉर्ममध्ये रकानाच नसला तर परीक्षेच्या दिवशी सेंटरवर भांडण ठरलेलं.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती टाइमआउटला. स्क्रीन रीडरवर फॉर्म भरायला वेळ लागतो, एका हातानं टाइप करणाऱ्यालाही लागतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी सेशन संपून सगळं कोरं. वेळ संपायच्या आधी सूचना द्या, एक बटण दाबून वेळ वाढवता आला पाहिजे आणि ते दाबायला निदान २० सेकंद मिळाले पाहिजेत, डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे वेबसाइट सुगम करायच्या जागतिक नियमावलीत, ते लिहिलेलंच आहे. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक पान आपोआप सेव्ह करा. करंटची ये-जा असलेल्या गावांतल्या सगळ्यांचाच दुवा लागेल.

चुका दाखवताना रकाना नुसता लाल करू नका, रंग ज्याला दिसत नाही किंवा ओळखता येत नाही त्याला काय कळणार. शब्दांत लिहा, 'पिनकोड सहा आकडी हवा, तुम्ही पाच टाकलेत', ते वाक्य रकान्याला जोडा आणि फोकस तिथं न्या. आता फोटो आणि सही. २० ते ५० केबीत फोटो बसवायची कसरत उमेदवाराच्या गळ्यात घालण्यापेक्षा मोठी फाइल घ्या आणि सर्व्हरवर बारीक करा, चेहरा चौकटीत आलाय का ते शब्दांत सांगा. डोळे मिचकवा असलं काही तर अजिबात नको, ज्या निकालाचं वर सांगितलं तो अशाच केवायसीच्या तक्रारींवरून आलेला आहे.

पानाची भाषा कोडमध्ये बरोबर लिहा, कन्नड पानावर इंग्रजी भाषा नोंदवलेली असली की इंग्रजी आवाज कन्नड वाचायला जातो आणि कधी पार मुकाच होतो. अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट ४.५ ला १, बटणं निदान २४ पिक्सेल. बाकीची यादी डब्ल्यूसीएजीच्या डबल-ए पातळीत आणि सरकारी वेबसाइटांच्या जीआयजीडब्ल्यू या मार्गदर्शक सूचनांत मिळेल, भारतीय मानकही आहे, आयएस १७८०२. सर पैशाचं रडगाणं गातील तर सांगा, सुप्रीम कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्टच म्हटलंय की सुगमतेचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आत्ता लेबलं जोडायला जेवढं लागेल त्याच्या कितीतरी पट भरती चालू झाल्यावर फॉर्म उसवायला लागेल.

आणि ऑटोमॅटिक टेस्ट हिरवी आली म्हणून लाँच करू नका. टूलला लेबल आहे का एवढंच कळतं, ते बरोबर आहे का ते कळत नाही. आईच्या नावाच्या रकान्याला 'टेक्स्ट वन' लेबल असलं तरी टूल खूश. एक अंध, एक कर्णबधिर, एक हाताचा त्रास असलेला, असे चार-दोन उमेदवार बसवा, आणि फुकट बोलवू नका, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, कोटेशनमध्येच धरा.

प्रश्न : माझं निपाणीत झेरॉक्स आणि सायबरचं दुकान आहे. दिव्यांग मुलं फॉर्म भरायला येतात. दोन्ही हात नसलेला एक जण आला होता, सहीच्या जागी काय टाकायचं? आणि ऐकू न येणाऱ्यांना हेल्पलाइनला फोन लावून मीच बोलतो, ते चालतं का?

उत्तर : मामा, सहीचं उत्तर प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत वेगळं असतं, पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो असं काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर अंदाजानं काही चिकटवू नका, आधी ईमेलनं विचारा आणि आलेलं उत्तर प्रिंट काढून उमेदवाराच्या हातच्या फाइलीत लावून द्या. कर्णबधिरांसाठी तुम्ही बोलता ते चांगलंच, पण फोनवर सांगितलेल्याचा पुरावा राहत नाही म्हणून तेच परत ईमेलवर मागा. ओटीपी, ईमेल आणि पासवर्ड उमेदवाराचाच ठेवा, दुकानाचा नंबर टाकू नका, पुढची सगळी पत्रं त्याच नंबरवर येतात. आणि सबमिट दाबायच्या आधी कॅटेगरी, दिव्यांगत्वाचा प्रकार, लेखनिक आणि परीक्षा केंद्र, हे चार रकाने अंध गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवा, बहिऱ्याला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवा. मागं लाइन असली तरी.