रात्री शुगर उतरली तर?

मे महिन्यातल्या, मधुमेही मुलांच्या निवासी शिबिराचा फॉर्म आईने माझ्या टेबलावर ठेवला. मुलगी तेरा वर्षांची, टाइप वन मधुमेह, म्हणजे रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. तिला तन्वी म्हणूया. नाव, गाव बदललं आहे. "मॅडम, दिवसभर उड्या मारून रात्री शुगर उतरली तर तिथं कोण उठणार?" घरी ही माउली रोज रात्री उठून लेकीचं बोट टोचते. बाबांचा आक्षेप वेगळाच. "सगळी आजारी पोरं एकत्र केली, की हिच्या डोक्यात आजारच बसणार ना?"

आईची भीती रास्त आहे. दिवसभर पळापळ झाली की स्नायू रात्रीसुद्धा रक्तातली साखर ओढत राहतात आणि झोपेत हायपो होऊ शकतो, म्हणजे साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. म्हणूनच नीट चालवलेल्या शिबिरात भरपूर खेळ असेल त्या दिवशी डॉक्टर इन्सुलिनचा डोस उतरवतात, झोपण्याआधी आणि मध्यरात्री तपासणी करतात. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा बघतात. मी आईला म्हटलं, आयोजकांनाच फोन लावा. रात्री कोण तपासतं, डॉक्टर मुक्कामाला असतात की नुसते फोनवर, मे महिन्याच्या उकाड्यात इन्सुलिन कुठं ठेवता, सगळं विचारा. गुळमुळीत उत्तरं मिळाली तर खुशाल नाही म्हणा. अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. लिओनार्ड वेन्ट यांनी १९२५ साली मधुमेही मुलांचं शिबिर भरवलं, तेव्हा इन्सुलिन वापरात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि बोट टोचून शुगर बघायचं यंत्रही नव्हतं. तरी मुलं गेली.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तन्वीकडेच होतं. शाळेत ती बाथरूममध्ये लपून इंजेक्शन घ्यायची. तिथं मैत्रिणी असल्या की डोस सरळ बुडवायची. आजार डोक्यात बसायचा राहिला होता थोडाच! तो लपवण्यातच तिचा निम्मा दिवस जात होता.

ती गेली. परत आल्यावर तिने मला पोहण्याबद्दल एक वाक्य सांगितलं आणि जेवणाच्या रांगेबद्दल दहा. ताटं घेण्याआधी सगळ्यांनी टोचून घेतलं, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. शेजारची सतरा वर्षांची ताई एवढंच म्हणाली, "अगं, रोज एकाच जागी टोचतेस का? गाठ आलीय बघ." गाठीवर टोचलं की इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, हे डॉक्टर आणि आई सांगून थकले होते. आता पोट, मांडी अशी जागा बदलते. ताईने सांगितलं ना!

पण पालकांनो, लगेच चमत्कार शोधू नका. एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, चार-पाच दिवसांत ती हलत नाही. घरी आल्यावर तन्वी आठवडाभर चिडचिडी होती, कारण इथं पुन्हा ती एकटीच. आईची झोप अजून सुधारलेली नाही; त्यासाठी आता मी आईला वेगळी वेळ दिली आहे.

बाबांनी मात्र शाळेत अर्ज नेऊन दिला. वर्गात खाऊ जवळ ठेवायला आणि शुगर तपासायला परवानगी द्यावी, असा. मजकूर तन्वीने सांगितला, बाबांनी लिहिला.