सारोन्नोला जरूर राहा, पण रजिस्टर न केलेलं घर घेऊ नका

तुम्ही विचारलंय की ऑफिस मिलानला आहे, तिथली भाडी झेपत नाहीत म्हणून मिलानजवळच्या सारोन्नो गावात घर बघताय, आणि एक मालक म्हणतोय कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर नको करूया, भाडं 80 युरोने कमी करतो. मी तिथे चार वर्षं भाड्याने राहिलोय म्हणून सांगतो, गाव घ्या, ते घर नको.

गाव खरंच सोयीचं आहे. मिलानच्या कादोर्ना स्टेशनला थेट गाड्या, एस 1 ही लोकल पकडली की बोव्हिझा, गारिबाल्दी ही स्टेशनं करत मिलानच्या खालून आरपार जाते, मालपेन्सा एक्सप्रेसही थांबते त्यामुळे बॅगा घेऊन विमानतळ गाठणं सोपं. फक्त संपाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 एवढ्याच वेळात गाड्यांची हमी असते, ते धरून चला.

आता कॉन्ट्रॅक्ट. माझं पहिलं घर, दुसऱ्या एका गावात, असंच बिनकागदाचं होतं, महिन्याला रोख द्यायचो आणि पैसे वाचतायत म्हणून खूश होतो. मग बायको-मुलीला नाशिकहून आणायची वेळ आली. फॅमिली व्हिसासाठी घर राहण्यालायक आहे असा कोमुनेचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, दाखला लागतो आणि त्याला रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्ट जोडावं लागतं, माझ्याकडे तर कागदच नव्हता. नवीन घर, मग सगळी प्रोसेस, यात आठ महिने गेले. पोरगी चालायला लागली ते मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. त्या 80 युरोंची किंमत ही आहे हो.

आणि कायद्याने रजिस्टर न झालेलं कॉन्ट्रॅक्ट रद्दच धरलं जातं. सही झाल्यापासून 30 दिवसांत ते रजिस्टर व्हायला हवं. नेहमीचं 4+4 वर्षांचं (चार वर्षं आणि पुढे आणखी चार) किंवा तसंच 3+2 चं असतं, डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याच्या वर मागता येत नाही. मालक टॅक्सचं रडगाणं गाईल तर 'चेदोलारे सेक्का', म्हणजे भाड्यावरचा एकरकमी दराचा टॅक्स, विचारा, त्यात 4+4 ला तो सरळ 21 टक्के भरतो, रजिस्ट्रेशनचा खर्च लागत नाही आणि त्या काळात महागाईच्या नावाने भाडंही वाढवता येत नाही.

घर बघताना 'आर्रेदातो' (फर्निचरसकट) लिहिलंय का बघा, नाहीतर रिकामं म्हणजे ओटासुद्धा नाही, भिंतीतून नुसते पाण्याचे नि गॅसचे पाइप बाहेर आलेले. कपाटामागे हात घालून ओल बघा, जुन्या बिल्डिंगमध्ये आपल्या कुकरच्या वाफेने जानेवारीत काळी बुरशी धरते. हीटिंग सोसायटीच्या खर्चात धरलंय की वेगळं, तेही आधीच विचारा.

राहायला गेलात की पहिल्याच दिवशी बेलवर नाव लावा, रेसिदेन्झाचा, म्हणजे त्या पत्त्यावर रहिवासी म्हणून नोंद व्हायचा, अर्ज केल्यावर कोमुनेचा माणूस खात्री करायला येतो आणि आधी तेच बघतो.