लहानपणीचं खरंच आठवतं, की अल्बममध्ये पाहिलेलं?

दोन्हीची सरमिसळ असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना त्यांचा बालपणीचा फोटो गरम हवेच्या फुग्यात बसल्यासारखा जोडून दाखवला. तशी सफर झालीच नव्हती, तरी निम्म्या जणांना त्यातलं काही ना काही ‘आठवलं’!

माणूस कसा होता, ही ओळखही तशीच फोटोवरून ठरते. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात आमचं नारायण पेठेतलं सामान गेलं, त्यात अल्बमही. पणजीचा एकच फोटो उरला, तोही नातेवाइकांकडे होता म्हणून: नऊवारी, हात खुर्चीच्या पाठीवर, ओठ घट्ट मिटलेले. झालं, घरात ती ‘करारी’ ठरली, आणि कुणी हट्टीपणा केला की ‘पणजीवर गेलाय’. (स्टुडिओत ‘हलू नका’ म्हटल्यावर हसणार कोण?) आत्याआजीला विचारलं तर पणजी भलतीच थट्टेखोर होती म्हणे.